संगणकाची खरखर शॉर्टवेव्हवर येते कुठून?

पुण्यातल्या फ्लॅटमध्ये शॉर्टवेव्ह रिसीव्हर संगणकाला जोडला की स्टेशनच्या आधी खरखर ऐकू येते. हे दुखणं घरगुती संगणकाइतकंच जुनं आहे. १९७७ साली आलेल्या टीआरएस-८० या घरगुती संगणकाचं क्लॉक, म्हणजे त्याच्या कामाला ताल देणारे विजेचे स्पंद, १.७७ मेगाहर्ट्झचं होतं. चौकोनी स्पंदांमुळे त्याच्या पटीतल्या लहरीही निघत : ३.५, ५.३, ७.१ मेगाहर्ट्झ, म्हणजे थेट शॉर्टवेव्हमध्येच. अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामक संस्थेने १९७९ मध्ये अशा उत्सर्जनावर मर्यादा घातल्या आणि १९८१ च्या सुरुवातीला ते मॉडेल बंद झालं. १९८५ मध्ये सिस्पर-२२ हे आंतरराष्ट्रीय मानक आलं.

मेख इथेच आहे. हवेत पसरणाऱ्या लहरींची मर्यादा त्यात ३० मेगाहर्ट्झपासून सुरू होत होती. त्याखाली मोजमाप होतं ते मुख्यतः विजेच्या वायरीतून बाहेर पडणाऱ्या गोंगाटाचं. शॉर्टवेव्ह तर ३ ते ३० मेगाहर्ट्झची! लांब तरंगलांबीला संगणकाची पेटी एरियल म्हणून फारच तोकडी पडते, हा विचार चुकीचा नव्हता. पण पेटीला जोडलेल्या लांब केबली एरियलचं काम चोख करतात.

नव्वदच्या दशकात संगणकात आवाज आत-बाहेर नेणारं साउंडकार्ड सर्रास झालं. रेडिओ टेलिटाइप (रेडिओवरून येणारा मजकूर), हवामानाचे फॅक्स संगणकावर उलगडता येऊ लागले आणि २००३ मध्ये डीआरएम हे डिजिटल प्रसारण सुरू झाल्यावर अनेक हौशी श्रोते तेही संगणकावरच उलगडू लागले. रिसीव्हर आणि संगणक ऑडिओ वायरीने बांधले गेले. त्या वायरीच्या धातूच्या जाळीदार आवरणातून संगणकाच्या ग्राउंडवरचा (मंडलाच्या समाईक तळावरचा) गोंगाट सरळ रिसीव्हरच्या ग्राउंडवर चढतो, आणि दांडीच्या एरियलला ग्राउंड म्हणजे एरियलचा दुसरा अर्धा भागच.

म्हणून खरा उपाय ही धातूची जोडणी तोडण्याचा. ६०० ओहमचा, एकास-एक ऑडिओ ट्रान्सफॉर्मर मध्ये घातला की आवाज पलीकडे जातो, ग्राउंड जात नाही. माझ्या मते पहिला खर्च यावरच करावा. दुसरा उपाय फेराइटचं कडं, म्हणजे वायरीवरचा गोंगाट अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाचं. पण वायर त्यातून एकदाच ओवली तर खालच्या शॉर्टवेव्हवर फरक जेमतेम पडतो. गोंगाटाला होणारा प्रतिरोध वेढ्यांच्या साधारण वर्गाने वाढतो, तेव्हा सात-आठ वेढे हवेतच. एरियल गच्चीवर नेऊन कोॲक्सने (जाळीच्या आवरणाच्या केबलने) खाली आणता आलं तर उत्तम. लॅपटॉप असेल तर आधी चार्जर काढून बॅटरीवर ऐकून पाहावं : गोंगाट तिथेच ओसरला, तर दोष चार्जरच्या स्विचिंग सप्लायचा.