बोट नेहमी जाड पुस्तकावरच पडतं

तपासणीच्या फॉर्मवर एक रकाना असतो : ‘ग्रंथालयातील एकूण पुस्तके’. बडोद्यात दांडिया बाजारच्या अंगाला असलेल्या एका जुन्या मराठी शाळेत हा रकाना वर्षानुवर्षं मागच्या आकड्यात थोडी भर घालून भरला जात होता. यंदा नव्या ग्रंथपालबाईंनी तसं करायला नकार दिला. मी संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेला, त्यामुळे निरोप माझ्याकडे आला. 36 कपाटं, प्रत्येकात पाच खण, बाईंच्या हाताशी चार दिवस आणि नववीची सहा मुलं. कुलूप उघडता उघडता शिपाईदादा म्हणाले, “गणी नाखो ने!” मोजून टाका की!

सल्ला चुकीचा नव्हता. पण काही खणांत पुस्तकांच्या दोन-दोन रांगा, मागची रांग दिसतच नाही. शिवाय मोजता मोजता फोन आला की पुन्हा एकपासून सुरुवात.

मुलांनी आपणहून युक्ती काढली. डोळे मिटून खणावर बोट टेकवायचं, ज्या पुस्तकाला लागेल त्याची जाडी फूटपट्टीने मोजायची, सरासरी काढायची आणि शिंप्याच्या टेपने मोजलेल्या एकूण लांबीला तिने भागायचं. ऐकायला निर्दोष. पडताळा म्हणून एक खण खरोखर मोजला, तर पुस्तकं अंदाजापेक्षा कितीतरी जास्त निघाली. दुसऱ्या खणातही तेच, आणि चूक त्याच दिशेला. चूक एकाच बाजूला झुकायला लागली की ती योगायोगाची राहत नाही.

समजा, एका खणात 1 सेंटीमीटर जाडीची 20 पुस्तकं आहेत आणि 4 सेंटीमीटर जाडीची 20. एकूण लांबी 100 सेंटीमीटर, खरी सरासरी अडीच. पण या 100 सेंटीमीटरपैकी 80 जाड पुस्तकांनी अडवलेत. म्हणजे पाचातल्या चार वेळा बोट जाड पुस्तकावरच पडणार. मुलांची सरासरी येईल 3.4 आणि 40 पुस्तकांच्या जागी उत्तर येईल 29. बोधकथांच्या पातळ पुस्तिका बिचाऱ्या शब्दकोशांच्या मध्ये चेपून उभ्या, त्यांच्या वाट्याला बोट येतंच कुठे?

हीच गफलत दुसरीकडेही होते. वर्गात “तुम्ही भावंडं किती?” असं विचारून घरटी मुलांची सरासरी काढा, ती फुगलेलीच येईल. चार मुलांच्या घराला त्या वर्गात दिसायची चार वेळा संधी, एकुलत्या एकाच्या घराला एकदाच, आणि ज्या घरात मूलच नाही त्याला शून्य.

मुलांची मेहनत वाया गेली नाही. जाडीची सरासरी घेण्याऐवजी ‘1 भागिले जाडी’ची सरासरी घेतली की झुकाव निघून जातो : वरच्या खणात ती 0.4 येते, गुणिले 100, बरोबर 40. तरी आम्ही सोपी वाट धरली. सगळ्या 180 खणांना क्रमांक दिले, दर नववा खण निवडला आणि त्यातली पुस्तकं दोन्ही रांगांसकट मोजली. नववाच का? दर पाचवा घेतला असता तर प्रत्येक कपाटाचा तळाचाच खण हाती लागला असता, आणि तळाला सगळीकडे नकाशे आणि कोश. नऊच्या टप्प्याने पाचही पातळ्या सारख्याच वाट्याला येतात.

20 खणांची सरासरी 38 आली, म्हणून एकूण 6,840. खणाखणांत बराच फरक होता, त्यामुळे ढोबळमानाने 900 इकडे-तिकडे धरायला हवेत. ही अनिश्चितता निम्मी करायची तर साधारण चौपट खण मोजावे लागतात.

मग बाईंनी दाखल नोंदवही काढली; आलेल्या प्रत्येक पुस्तकाला तिच्यात ओळीने एक क्रमांक मिळतो. शेवटचा दाखल क्रमांक 11,412! मुलांचे डोळे विस्फारले.

लागोपाठचे क्रमांक मोठे बोलके असतात. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या संख्याशास्त्रज्ञांनी हाती लागलेल्या जर्मन रणगाड्यांच्या भागांवरचे क्रमांक पाहून उत्पादनाचा अंदाज बांधला. ऑगस्ट 1942 साठी हेरांचा आकडा महिन्याला 1,550, यांचा 327. युद्धानंतर जर्मन कागदपत्रं तपासली तर निघाले 342. पण नोंदवहीचा क्रमांक सांगतो तो आजवर आलेल्या पुस्तकांचा आकडा. आज असलेल्यांचा नव्हे.

सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं उभं केलं आणि खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. फिरत्या पुस्तकांना तर नोंदीवाचून गत्यंतरच नाही. त्याच गावात नोंदवहीला विसरून आम्ही टेप घेऊन बसलो होतो, याची मला जराशी लाज वाटली.

चिठ्ठ्या टाकून 50 दाखल क्रमांक काढले आणि ती पुस्तकं शोधली. कपाटात 28 सापडली, 3 मुलांकडे घरी होती, 12 पुढे ‘निर्लेखित’, म्हणजे संग्रहातून काढून टाकलेलं, असा शिक्का होता, 7 बेपत्ता. 50 पैकी 28 म्हणजे 56 टक्के. 11,412 चे 56 टक्के, सुमारे 6,390. इतक्या छोट्या नमुन्यात हजार-दीड हजारांची उलाढाल सहज होते, तेव्हा दोन स्वतंत्र वाटांनी आलेले आकडे एकमेकांशी भांडत नव्हते.

निघायच्या वेळी शिपाईदादांनी झाडू घालताना कपाटामागून एक चोपडं काढलं. 24 पानांचं, पिना गंजलेल्या. क्रमांक पाहिला तर सात बेपत्तांपैकी एक. मी 28 खोडून 29 केले आणि नवा आकडा मांडला : 6,620 च्या आसपास.

“एक पुस्तक मळ्युं,” ते म्हणाले, “अने तमे सव्वादोनशे वाढवलीत?”