स्कारबरो स्पा

इंग्लंडच्या नॉर्थ यॉर्कशायरमध्ये, स्कारबरो शहराच्या दक्षिण उपसागरावर, कड्याच्या पायथ्याशी, औषधी मानलेल्या पाण्याच्या झऱ्यापाशी (म्हणजे ‘स्पा’पाशी) वसलेली वास्तू. सुमारे १६२६ मध्ये फॅरर आडनावाच्या स्थानिक स्त्रीला कड्यातून झिरपणाऱ्या पाण्याने दगड तांबूस झालेले दिसले. पाण्यात विरघळलेल्या लोहाचा हवेशी संयोग होऊन तांबडा साका बसतो, त्याचाच तो रंग. अशा पाण्यात हिरड्यासारखी तुरट वस्तू टाकली की ते काळे पडते. लोह ओळखण्याची जुनी कसोटी हीच. पाण्यात मॅग्नेशियम सल्फेटही असल्याने ते रेचक होते. डॉ. रॉबर्ट विटी यांनी १६६० मध्ये त्यावर पुस्तक लिहिले आणि श्रीमंतांची रीघ लागली. पाण्याला त्यांनी चिकटवलेले गुण मात्र पोट साफ होण्याच्या पलीकडे फारसे टिकणारे नव्हते.

ज्या कड्याने पाणी दिले, त्यानेच इमारतीही गिळल्या. इथे खडकावर हिमनदीने आणून टाकलेल्या चिकणमातीचा थर आहे. त्यात पाणी मुरले की उतार वक्र पृष्ठावरून खाली सरकतो, वरची जमीन खचते आणि पायथा उचलला जातो. डिसेंबर १७३७ मध्ये नेमके हेच घडले. कड्यावरचा तुकडा चरणाऱ्या गुरांसकट खाली बसला, किनाऱ्याची वाळू वर आली, स्पागृह कोसळले आणि झराही काही काळ सापडेना.

१८२७ मध्ये शहराकडून दरी ओलांडून येणारा पादचारी पूल झाला. १८५८ मध्ये जोसेफ पॅक्स्टन यांच्या आराखड्याने संगीतगृह उभे राहिले. ते १८७६ मध्ये जळाले. आजची मुख्य इमारत त्यानंतरची, व्हेरिटी आणि हंट यांच्या आराखड्याची. कड्यावरून उतरणारी रेल्वे १८७५ ची, ब्रिटनमधली अशी पहिलीच. तिचे दोन डबे एकमेकांना तोलून धरत; पूर्वी वरच्या डब्याच्या टाकीत समुद्राचे पाणी भरून तो जड करत, म्हणजे खालचा आपोआप वर येई.

१९५७ मध्ये वास्तू नगरपालिकेच्या मालकीची झाली. ग्रँड हॉल, नाट्यगृह, ओशन रूम आणि उघडे सन कोर्ट येथे मैफली, नाटके, परिषदा, लग्नसमारंभ होतात. उन्हाळ्यात स्वतःचा वाद्यवृंद वाजवतो; व्हायोलिनवादक मॅक्स जाफा यांनी १९६० ते १९८६ तो चालवला. देखभालीत रंगरंगोटीपेक्षा मागचा उतार अधिक महत्त्वाचा ठरतो: जमिनीत खांब रोवणे, मातीत लोखंडी सळया बसवणे, पाण्याचा निचरा करणे. समोरून खारे वारे आणि भरतीच्या लाटा आहेतच. झऱ्याचे पाणी पिण्यासाठी देणे विसाव्या शतकातच बंद झाले.