पत्र्याचा हिरवा डबा, प्लास्टिकचा हिरवा डबा

ह्यूस्टनच्या गन शोमध्ये बंदुकांच्या टेबलांपेक्षा मला टेबलांखालचा माल बघायला जास्त आवडतो. तिथे हिरव्या डब्यांच्या चळती लावलेल्या असतात. सगळे शेवाळी रंगाचे, सगळ्यांना वर मूठ, पुढे एक खटका. सगळ्यांना नावही एकच, 'अ‍ॅमो कॅन', म्हणजे काडतुसांचा डबा. गेल्या वर्षी सोबत आलेल्या पुण्याच्या मित्राने दोन डबे दोन हातांत धरून विचारलं, "हा वीसला आणि हा दहाला. दहा डॉलर कशाचे?"

प्रश्न रास्त होता. त्याने नुकतीच नाइन एमएमची एक पिस्तूल घेतली होती, काडतुसं स्वस्त मिळाली म्हणून हजारभर उचलली होती आणि ती गॅरेजमध्ये पुठ्ठ्याच्या खोक्यात पडून होती. टेक्ससमध्ये हे अगदी सर्वसाधारण दृश्य आहे. आपल्याकडे बारा बोअरच्या बंदुकीच्या परवान्यावर एका वेळी किती काडतुसं बाळगायची आणि वर्षाला किती घ्यायची याचे आकडेच लिहिलेले असतात, त्यामुळे सगळा साठा कपाटाच्या एका खणात मावतो. इथे सेलमध्ये घेतलेला माल पोत्याने साठतो, म्हणून डब्याचा प्रश्न येतो.

आधी पत्र्याच्या डब्याबद्दल. तो मुळात घरासाठी बनलेलाच नाही. त्याचं लष्करी नाव एम-2-ए-1. पॉइंट फिफ्टी, म्हणजे अर्धा इंच जाडीची गोळी झाडणाऱ्या ब्राउनिंग मशीनगनच्या 100 काडतुसांचा पट्टा त्यात बसवून आघाडीवर न्यायचा, एवढंच त्याचं काम. साधारण 30 सेंटिमीटर लांब, 15 रुंद, 19 उंच. रिकामा डबा सव्वादोन किलोच्या आसपास भरतो. बाजारात त्याला 'फिफ्टी कॅल' म्हणतात आणि नवखा माणूस इथेच फसतो. त्याला वाटतं की यात फक्त फिफ्टी कॅलिबरच्याच गोळ्या ठेवायच्या. तसं काही नाही, ते डब्याच्या मापाचं नाव आहे. त्याचा चिंचोळा धाकटा भाऊ एम-19-ए-1, म्हणजे 'थर्टी कॅल'. लष्कराने एकदा वापरून काढून टाकलेले हे डबे सरप्लस म्हणून विकले जातात. त्यावर पिवळ्या अक्षरांत जुन्या मालाची नोंद असते, कुठे पोचे असतात, कुठे रंग उडालेला असतो. किंमत पंधरा ते पंचवीस डॉलर.

प्लास्टिकचा डबा या डब्याची नक्कल आहे, आणि नक्कल चांगली आहे. पॉलिप्रॉपिलीनचा, वजनाला हलका, शिकाऱ्यांसाठी आणि रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर जाणाऱ्यांसाठी बनवलेला. यात पुन्हा दोन जाती आहेत. एकाच्या झाकणाच्या कडेला खाच असते आणि तिच्यात रबराची गोल दोरी बसवलेली असते. दुसऱ्यात ती नसतेच. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून दुकानात झाकण उघडून बघितल्याशिवाय घेऊ नये. रबर नसलेला डबा म्हणजे मूठ लावलेला टिफिन.

खरा फरक त्या रबरात आहे. आपल्या कुकरची रिंग आठवा. ती कडक झाली, चिरली, की शिट्टी होत नाही, कडेने वाफ फुसफुसत राहते. मग कुकर कितीही जाड असू दे. पत्र्याच्या डब्याच्या झाकणात आतून रबराची जाड पट्टी बसवलेली असते. पुढचा खटका नुसता अडकत नाही. तो खाली दाबला की तरफेसारखा झाकणाला ओढतो आणि पत्र्याची कड रबरात रुतते. उघडताना अंगठ्याला जोर लावावा लागतो, कधी 'फुस्स' असा आवाजही येतो. तो आवाज ऐकला की समजायचं, डबा जिवंत आहे. प्लास्टिकच्या डब्यात हा जोर मिळत नाही, कारण जोर लावला तर झाकणच वाकतं. कोपऱ्यात दाब पडतो, मधे कमी पडतो. आणि डबा ठासून भरला की लांब बाजूंच्या भिंती किंचित फुगतात. नजरेला दिसत नाही, पण कागदाला कळतं.

कागदाला म्हणजे असं. डब्याच्या कडेवर कागदाची एक पट्टी आडवी ठेवायची, झाकण बंद करायचं आणि पट्टी ओढायची. घट्ट बसली, फाटली, तर तिथे रबर धरतंय. सहज निघून आली तर नाही. चारही बाजूंना, कोपऱ्यांपाशी, बिजागरीपाशी करून बघायचं. मी गन शोमध्ये खिशात जुन्या बिलाच्या पट्ट्या घेऊन फिरतो. दुकानदार हसतात, पण कोणी अडवत नाही. घरी आल्यावर दुसरी परीक्षा. आत कोरडा पेपर टॉवेल ठेवायचा, झाकण लावायचं, वर वीट ठेवून बादलीत रात्रभर बुडवायचा. सकाळी टॉवेल बघायचा. सरप्लसच्या पत्र्याच्या डब्यांपैकी जे मी असे तपासून घेतले ते बहुतेक पास झाले. प्लास्टिकच्या डब्यांचं प्रगतिपुस्तक इतकं चांगलं नाही. त्यांच्या लेबलवर 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ वरून पडणाऱ्या पाण्याला रोखणारा. पाण्यात बुडवून कोरडा राहील असं कोणी म्हटलेलंच नसतं, आपणच तसं वाचतो.

हे मला बादलीने नाही, हार्वीने शिकवलं. ऑगस्ट 2017 मध्ये ते वादळ ह्यूस्टनवर बसून राहिलं तेव्हा आमच्या गॅरेजमध्ये गुडघ्याच्या थोडं खाली पाणी होतं, दोन दिवस. जमिनीवर दोन डबे होते. पत्र्याच्या डब्यात नाइन एमएम, प्लास्टिकच्या डब्यात पॉइंट टू-टूची बारीक काडतुसं. पाणी ओसरल्यावर पत्र्याच्या डब्याच्या तळाच्या शिवणीवर गंजाची तांबडी रेघ आली होती, पण आत पुठ्ठ्याची खोकी कोरडी, अगदी छापील अक्षरंसुद्धा शाबूत. प्लास्टिकचा डबा बाहेरून नव्यासारखा चकचकीत होता. उघडला तर आत चार बोटं पाणी आणि पुठ्ठ्याचा लगदा. त्यावर मी मत्स्यालयाचं एक जड सामान ठेवलं होतं आणि त्या वजनाने महिनोन्महिने झाकणाचा मधला भाग खचला होता. चूक डब्याची तितकीच माझीही होती. पत्र्याचे डबे एकमेकांवर रचण्यासाठीच बनवलेले असतात. प्लास्टिकचे रचता येतात, पण रिकामे किंवा हलके.

वजनाचा हिशोब म्हणूनच आधी करावा. नाइन एमएमचं एक काडतूस साधारण 12 ग्रॅमचं, म्हणजे हजार काडतुसं 12 किलो. पॉइंट टू-टूची 500 जेमतेम पावणेदोन किलो. टू-टू प्लास्टिकमध्ये निवांत राहतात. नाइन एमएमचा हजारी डबा प्लास्टिकच्या मुठीने उचलून रोज गाडीत टाकला तर मूठ एक दिवस बिजागरीपाशी तुटणार, आणि ती नेमकी पायावर पडायच्या वेळीच तुटते. पत्र्याच्या डब्यातही सुट्ट्या गोळ्या गळ्यापर्यंत भरू नयेत. दोन हजार नाइन एमएम म्हणजे डबा धरून 26 किलोच्या वर. पाठ आपली, डबा लष्कराचा.

हवाबंद म्हणजे सुरक्षित, हा समज मात्र अर्धवट आहे. हवाबंद डबा बाहेरचा ओलावा आत येऊ देत नाही, तसा आतला बाहेरही जाऊ देत नाही. ह्यूस्टनमध्ये जुलैच्या दुपारी, कोकणातल्या श्रावणासारख्या हवेत डबा भरून बंद केला, तर ती दमट हवाच आत कोंडली जाते. रात्री गारवा आला की तिचेच दवबिंदू पत्र्यावर आणि काडतुसांच्या पितळेवर. म्हणून डबा एसीच्या खोलीत, कोरड्या दिवशी भरावा आणि आत सिलिका जेलची पुडी टाकावी. रंग बदलणारी घेतली तर ओलावा शोषून झाल्याचं कळतं, निळी असेल तर ती गुलाबी होते. मंद ओव्हनमध्ये वाळवली की पुन्हा कामाला येते. आणि गार खोलीतला डबा गॅरेजमध्ये नेऊन लगेच उघडू नये. फ्रिजमधून काढलेल्या स्टीलच्या तांब्याला जसा घाम येतो तसा गोळ्यांना येतो.

पण त्याहूनही महत्त्वाचं, गॅरेजच नको. पत्र्याचा डबा उन्हात तापतो, प्लास्टिकचा डबा उन्हाने वर्षागणिक ठिसूळ होतो. घरातल्या आतल्या कपाटाचा तळ दोघांनाही चांगला.

ओलाव्याच्या जोडीला अमोनिया हा पितळेचा दुसरा शत्रू, आणि याची गोष्ट आपल्याकडची आहे. ब्रिटिश राजवटीत पावसाळ्यात लष्करी मोहिमा थंडावायच्या, तेव्हा काडतुसं तबेल्यात साठवून ठेवायचे. पाऊस संपल्यावर उघडून बघावं तर पितळी पुंगळ्यांना, म्हणजे काडतुसांच्या कवचांना, तडे गेलेले. ऋतू पालटला की तडे, म्हणून इंग्रजीत त्याला 'सीझन क्रॅकिंग' नाव पडलं. कारणाचा उलगडा 1921 मध्ये झाला. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पुंगळी ओढून बनवताना धातूत राहिलेला ताण, हे दोन्ही मिळून पितळ चिरतं. पुढे पुंगळ्यांना उष्णता देऊन तो ताण काढायची पद्धत आली. आज कारखान्यातून आलेली काडतुसं इतकी नाजूक नसतात, पण काचा पुसायच्या अमोनियाच्या बाटल्या आणि खताची पोती डब्याच्या शेजारी कशाला ठेवायची? आमच्या गॅरेजमध्ये पहिले दोन महिने मी नेमकं तेच केलं होतं.

आता कुलपाबद्दल. दोन्ही डबे पाहिले की वाटतं, वा, बंदोबस्त झाला. नाही झाला. पत्र्याचा खटका पाच-सहा वर्षांचं जिद्दी पोर दोन्ही हातांनी उघडू शकतं. लष्कराला तो जवानाने घाईत उघडता यावा असाच हवा होता. त्याला कुलूप लावायची सोय मुळात नाही, वेगळी पट्टी विकत घेऊन बसवावी लागते. इथे प्लास्टिक बाजी मारतं. बऱ्याच प्लास्टिकच्या डब्यांना कुलूप अडकवायची भोकं आधीच असतात. त्या कुलपाने चोर थांबत नाही, भाचा थांबतो. घरात लहान मुलं असतील तर डबा कुठलाही असो, तो कुलूपबंद कपाटात आणि बंदुकीपासून वेगळ्या जागी. अमेरिकेतल्या काडतूस-उत्पादकांची मानकं ठरवणारी संस्था, सामी, तीही थंड, कोरडी, कुलूपबंद जागा आणि शक्य तर मूळ खोकं, असंच सांगते. मूळ खोक्याचा फायदा असा की कुठलं काडतूस कुठल्या बंदुकीचं हे खोक्यावर लिहिलेलं असतं. सुट्ट्या गोळ्यांच्या डब्यात एक चुकीचं कॅलिबर मिसळलं तर ते अंधुक उजेडात हाताला कळत नाही.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगतो, कारण मित्राने पुढचा प्रश्न तोच विचारला होता. घरी काडतुसं भरणारे लोक दारू, म्हणजे स्मोकलेस पावडर, आणि प्रायमर, म्हणजे ती दारू पेटवणाऱ्या काडतुसाच्या बुडाच्या टिकल्या, ठेवतात. ते या डब्यात ठेवायचे का? मुळीच नाही. पत्र्याचा हवाबंद डबा तयार काडतुसांसाठी चांगला आहे, तोच डबा पावडरसाठी धोक्याचा. मोकळी पावडर जळते. घट्ट बंद पोलादात कोंडलेली पावडर दाब वाढवत नेते आणि मग फुटते. अमेरिकेतली अग्निसुरक्षेची संहिता, एनएफपीए 495, घरात 20 पौंडांपर्यंत पावडर मूळ पॅकिंगमध्ये ठेवायला सांगते आणि त्याच्या वर 50 पौंडांपर्यंत असेल तर किमान इंचभर जाडीच्या लाकडी पेटीत. लाकूड का? ते उष्णता लवकर आत जाऊ देत नाही, आणि वेळ आलीच तर पेटीचे सांधे सुटतात, बॉम्ब होत नाही. प्रायमरही मूळ ट्रेमध्येच, कधीही सुट्टे डब्यात नाहीत. तयार काडतूस आगीत सापडलं तर बंदुकीच्या नळीबाहेर असल्यामुळे त्याची पुंगळी फुटते, गोळी सिनेमातल्यासारखी सुटत नाही. पावडरच्या कोंडलेल्या डब्याची गोष्ट वेगळी.

आणि भारतात येणाऱ्यांसाठी एक टीप, कारण हे दरवर्षी कोणाच्या तरी बाबतीत घडतं. सरप्लसचा डबा किंवा रेंजवर नेलेली सॅक पुढे प्रवासाची बॅग करू नका. अस्तराच्या शिवणीत अडकलेलं एक टू-टूचं काडतूस मुंबई किंवा दिल्लीच्या विमानतळावर एक्स-रेमध्ये दिसलं तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो. जाणीवपूर्वक बाळगलं नव्हतं हे पुढे न्यायालयात सांगता येतं, पण तोपर्यंत सुट्टी संपलेली असते. बॅग उलटी करून, शिवणी चाचपून, मगच पॅक करा.

मित्राने अखेर दोन्ही घेतले. वीसवाल्यात हजार नाइन एमएम मूळ खोक्यांसह, आतल्या कपाटात, सिलिका जेलची पुडी आणि वर तारीख लिहिलेली टेप. दहावाल्यात रेंजला न्यायच्या दोनशे-अडीचशे गोळ्या, कानाचे बोळे, चष्मा. माझा हार्वीतून वाचलेला पत्र्याचा डबा अजून कामात आहे. तळाच्या शिवणीवर सॅंडपेपर मारून दोन हात रंगाचे दिले आणि रबर नवीन घातलं. खचलेल्या झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात आता दिवाळीच्या दिव्यांच्या माळा असतात. त्यांना पाणी लागलं तरी फारसं बिघडत नाही, तशाही दरवर्षी अर्ध्या लागत नाहीत.