पंधरांतले तेरा: युनियनचा संघ लीगविरुद्ध उतरतो तेव्हा

8 मे 1996 रोजी मँचेस्टरच्या मेन रोड मैदानावर विगननं बाथचा 82-6 असा धुव्वा उडवला. 17 दिवसांनी, 25 मे रोजी, लंडनच्या ट्विकेनहॅमवर याच दोन क्लबांची पुन्हा गाठ पडली आणि बाथनं विगनला 44-19 असं हरवलं. मधल्या दिवसांत बाथच्या खेळाडूंचे पाय काही वेगवान झाले नव्हते, की विगनचे खेळाडू दुबळे झाले नव्हते. बदलले होते ते नियम. पहिला सामना रग्बी लीगचा होता, दुसरा रग्बी युनियनचा.

शरीर आणि खेळ यांचं नातं समजून घ्यायला याहून चांगला प्रयोग प्रयोगशाळेत उभा करता आला नसता. एकाच दर्जाच्या, वर्षभर कसून तयार झालेल्या दोन संघांपुढे आधी एक नियमावली ठेवली, मग दुसरी, आणि निकाल अक्षरशः उलटला. म्हणून एक प्रश्न मला फार मोलाचा वाटतो: युनियनच्या प्रशिक्षकाला लीगच्या नियमांनी, लीगच्या संघाविरुद्ध खेळायचं असेल, तर त्यानं कुणाला घ्यावं? हा नुसता क्रीडारसिकांच्या गप्पांचा विषय नाही. त्याचं बरंचसं उत्तर स्नायूंच्या रसायनात आणि शाळेत शिकलेल्या भौतिकशास्त्रात आहे.

आधी या दोन खेळांची ओळख. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी उत्तर इंग्लंडात रग्बी खेळणारे पुष्कळ जण खाणीत नाहीतर गिरणीत राबणारे होते. शनिवारी सामन्याला गेलं की मजुरी बुडे. ती भरून देण्याची परवानगी क्लबांनी मागितली, संघटनेनं ती नाकारली, आणि 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. तिकिटाच्या पैशावर जगायचं तर खेळ वाहता हवा, म्हणून त्यांनी नियम बदलत नेले. 1897 मध्ये लाइनआउट, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू दोन रांगांमध्ये फेकून खेळ सुरू करण्याची पद्धत, गेली. 1906 मध्ये पंधराचे तेरा खेळाडू झाले आणि टॅकलनंतर, म्हणजे चेंडू नेणाऱ्याला धरून पाडल्यावर, चेंडू पुन्हा खेळात आणण्याची वेगळी पद्धत आली. ही झाली लीग. युनियन मात्र ऑगस्ट 1995 पर्यंत अधिकृतपणे हौशी राहिली. मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर जी रग्बी दिसते, ती युनियन.

दोन्ही खेळांतला कळीचा फरक टॅकलनंतरच्या काही सेकंदांत आहे. युनियनमध्ये पाडलेल्या खेळाडूला चेंडू सोडावा लागतो आणि त्या चेंडूवर दोन्ही संघ तुटून पडतात. ताबा टिकवता आला तर कितीही वेळ खेळत राहता येतं. लीगमध्ये जमिनीवर अशी झोंबाझोंबी नाही. पाडलेला खेळाडू उठतो, चेंडू पायानं मागे सरकवतो आणि खेळ पुढे चालू. अशा सहा टॅकलनंतर चेंडू समोरच्या संघाकडे जातो. आपल्या कबड्डीत पकड झाली की ती चढाई संपते. लीगमध्ये पकड झाली की तीन-चार सेकंदांत दुसरी चढाई सुरू झालेली असते. आणि प्रत्येक टॅकलनंतर बचाव करणाऱ्या संघाला 10 मीटर मागे हटावं लागतं.

या 10 मीटरनीच बाथचा घात केला, असं माझं मत आहे.

हिशोब करून पाहू. मागे 10 मीटर धावायचं, वळायचं, पुढे सात-आठ मीटर झेपावायचं, शंभर किलोचा गडी पाडायचा, उठायचं, पुन्हा मागे धावायचं. सहा टॅकलच्या एका फेरीत हे पाच-सहा वेळा होतं आणि अशा फेऱ्या सामनाभर चालतात. 120 किलोचा प्रॉप, म्हणजे रेटारेटीच्या पुढच्या रांगेतला धिप्पाड गडी, जागेवरून सेकंदाला 5 मीटर वेग घेतो, तेव्हा त्याच्या शरीरात 1500 ज्यूल गतिज ऊर्जा येते. स्नायू खर्चलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम चौथा हिस्सा गतीत उतरवतात, म्हणजे शरीराला सुमारे 6000 ज्यूल मोजावे लागतात. 95 किलोच्या फ्लँकरला, म्हणजे त्याच रेटारेटीत कडेला असणाऱ्या चपळ गड्याला, हाच वेग घ्यायला साधारण 4750 ज्यूल पुरतात. एका धावेतला हा सव्वा हजार ज्यूलचा फरक फार वाटत नाही. पण अशा धावा शेकड्यानं करायच्या असतात, आणि दर वेळी मिळवलेला वेग मारण्यासाठीही स्नायूच राबतात. त्यातच वजनाच्या मानानं मोठ्या देहाच्या त्वचेचं क्षेत्रफळ कमी असतं, त्यामुळे उष्णता बाहेर टाकणंही त्याला जड जातं.

खरा अडसर मात्र विश्रांतीचा आहे. झेप घेण्याच्या पहिल्या काही सेकंदांत स्नायू फॉस्फोक्रिएटिन नावाचा साठा वापरतात. तो झटकन रिकामा होतो. निम्मा भरून यायला साधारण अर्धा मिनिट लागतो आणि पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं. युनियनमध्ये स्क्रम, म्हणजे रेटारेटीचा व्यूह, रचायला, लाइनआउटसाठी रांगा लावायला, पेनल्टीची किक घ्यायला बराच वेळ जातो आणि त्या वेळात हा साठा बऱ्यापैकी भरतो. आजच्या युनियनमध्ये 80 मिनिटांपैकी सुमारे 35 मिनिटंच चेंडू खेळात असतो. 1996 च्या सुमारास हे प्रमाण याहून कमी होतं. लीगमध्ये ते पन्नास मिनिटांच्या पुढे जातं. खेळाडूंच्या पाठीवर बसवलेल्या जीपीएस यंत्रांच्या नोंदींतही हेच दिसतं: युनियनचे फॉरवर्ड (स्क्रममध्ये रेटणारे आठ जण) मिनिटाला साधारण 60 ते 65 मीटर अंतर कापतात, लीगचे व्यावसायिक खेळाडू 85 ते 100. साठा भरला नाही की शरीर ऑक्सिजनविना ग्लुकोज जाळू लागतं, स्नायूंत आम्लता वाढते, आणि विसाव्या मिनिटाला बचावाची रांग फाटायला लागते. मेन रोडवर मध्यंतरालाच फलक 52-0 दाखवत होता. विगननं एकूण 16 ट्राय (चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवणं) केले, त्यांतले सहा एकट्या मार्टिन ऑफियाचे. बाथच्या बाजूनं एक गोष्ट सांगायलाच हवी: चारच दिवसांपूर्वी ते लेस्टरविरुद्ध चषकाचा अंतिम सामना खेळून, जिंकून आले होते.

मग 120 किलोंचा उपयोग काय? तो पाहायला ट्विकेनहॅमला यावं लागतं. युनियनच्या स्क्रममध्ये आठाविरुद्ध आठ जण एकमेकांना रेटतात. बाथ विद्यापीठाच्या संशोधकांनी हे बळ मोजलं आहे. अव्वल पुरुष संघांत धडकेच्या क्षणी ते 16,000 न्यूटनच्या वर, म्हणजे दीड टनाहून जास्त वजनाइतकं भरलं, आणि नंतरचा सततचा रेटा सुमारे त्याच्या निम्मा. हे अभ्यास झाल्यावर 2013 पासून धडकेआधी एकमेकांना पकडून घेण्याचा क्रम लागू झाला आणि धडकेचं बळ सुमारे एक चतुर्थांशानं उतरलं. अशा रेट्यात स्नायू आखडतात पण लांबी फारशी बदलत नाही, ताणामुळे त्यांतला रक्तप्रवाहही दबतो. त्या स्थितीत पाठीचा कणा, मान आणि मांड्या एका रेषेत धरून ठेवणं ही वर्षानुवर्षं घडवलेली विद्या आहे. प्रॉपचं शरीर त्यासाठी बांधलेलं असतं. आधुनिक लीगच्या स्क्रममध्ये जवळजवळ रेटाच नसतो. तिथे हे वजन नुसतं वाहून न्यायचं ओझं ठरतं.

याची आणखी एक स्वच्छ परीक्षा 27 जानेवारी 2003 रोजी झाली. सेंट हेलेन्सच्या नोजली रोड मैदानावर सेल शार्क्स आणि सेंट हेलेन्स भिडले. पहिला अर्धा युनियनच्या नियमांनी, दुसरा लीगच्या. मध्यंतराला सेल 41-0 नं पुढे होतं. दुसऱ्या अर्ध्यात सेंट हेलेन्सनं 39 गुण केले. एकाच संध्याकाळी, त्याच गवतावर! सेल 41-39 असं निसटतं जिंकलं, पण मला त्या निकालापेक्षा दोन अर्ध्यांमधली ती दरी जास्त महत्त्वाची वाटते.

आता माझा संघ. पंधरांतून दोन कमी करायचे म्हटल्यावर सोपी वाट म्हणजे दोन्ही फ्लँकर काढणं, कारण लीगच्या संघरचनेत ती जागाच नाही. कागदावर बरोबर, पण शरीराचा विचार केला तर नेमकं उलट. फ्लँकर हा युनियनमधला सर्वांत लीगसारखा माणूस आहे: 100 किलोच्या आसपास वजन, वारंवार टॅकल, पडून लगेच उठण्याची सवय. म्हणून मी प्रॉपच्या दोन जागांवर नंबर आठ (स्क्रमच्या मागच्या टोकाचा फॉरवर्ड) आणि दोघांतला धिप्पाड फ्लँकर ठेवीन, तर दुसऱ्या फ्लँकरला लूझ फॉरवर्ड (लीगच्या स्क्रममधला सर्वांत मागचा) करीन. खरे प्रॉप आणि दोन्ही लॉक (स्क्रमच्या दुसऱ्या रांगेतले उंच गडी) सुरुवातीच्या तेरांत नाहीत. दोन मीटर उंचीच्या लॉकचं मोल लाइनआउटमध्ये हवेत झेप घेताना. इथे त्याला दर टॅकलला तो उंच देह वाकवून खाली न्यायचा आणि पुन्हा उभा करायचा आहे.

स्क्रमच्या दुसऱ्या रांगेत मी आतला सेंटर, म्हणजे एरवी स्क्रमबाहेर मैदानाच्या मध्यावर खेळणारा गडी, घेईन. हे धाडसाचं वाटेल, पण उलट्या दिशेनं हा प्रवास झालेला आहे. विगनचा कर्णधार अँडी फॅरेल लीगचा फॉरवर्ड होता; 2005 मध्ये तो युनियनकडे आला आणि 2007 मध्ये इंग्लंडकडून सेंटर म्हणून खेळला. सॅम बर्जेसची कथा अधिक कडवट आहे. 2014 मध्ये तो सिडनीच्या साउथ्स या लीग क्लबातून बाथला आला. क्लबनं त्याला फ्लँकर म्हणून घडवायला घेतलं, तर इंग्लंडनं 2015 च्या विश्वचषकात सेंटरला उभं केलं. वर्ष संपण्याआधी तो लीगमध्ये परतला. माझ्या मते त्याच्या शरीरात काहीच कमी नव्हतं. कोणत्या परिस्थितीत कुठे उभं राहायचं हे डोळ्यांनी ओळखायला वर्षं लागतात, आणि त्याला ती मिळाली नाहीत.

हीच अडचण माझ्याही संघाला येणार. युनियनच्या खेळाडूच्या अंगात भिनलेलं असतं की गडी पडला की चेंडूवर झेपावायचं. लीगमध्ये ती झेप म्हणजे पेनल्टी, आणि त्याहून वाईट म्हणजे मागे हटायला एका सेकंदाचा उशीर. जुनी सवय नव्या कामात आड येते, ती दमल्यावर जास्तच. थकलेला मेंदू विचार करत नाही, पाठ झालेलं करतो.

सर्वांत अवघड जागा हुकरची, म्हणजे स्क्रममध्ये दोन प्रॉपच्या मधल्या गड्याची. लीगमध्ये हुकर स्क्रमपुरता नसतो. जवळजवळ प्रत्येक टॅकलनंतर चेंडू उचलून पहिला पास तोच देतो आणि बचावात रांगेच्या मधोमध उभा राहतो. एका सामन्यात 40 टॅकल हे त्याचं नेहमीचं काम. युनियनच्या फ्लँकरनं 20 केले तरी वाहवा होते. पास हवा तर स्क्रम-हाफ (युनियनमध्ये स्क्रममागून चेंडू उचलून पास देणारा), टॅकल हवे तर युनियनचा हुकर. दोन्ही एका माणसात मिळत नाही. मी स्क्रम-हाफपासून सुरुवात करीन, पण बचावात त्याला कडेला नेऊन मध्ये लूझ फॉरवर्डला आणीन. विरोधी संघ त्याला शोधत कडेला येईलच, तरी मधल्या भागातल्या सततच्या माऱ्यापेक्षा ते परवडतं.

फ्लाय-हाफ, म्हणजे किक मारून खेळ चालवणारा, निर्विवाद. युनियनची किक लीगपेक्षा विविध असते. शिवाय लीगमध्ये स्वतःच्या 40 मीटर रेषेमागून मारलेला चेंडू मैदानात टप्पा घेऊन विरोधकांच्या 20 मीटर रेषेपुढे बाहेर गेला, तर मारणाऱ्यालाच ताबा परत मिळतो. दमलेल्या संघासाठी ही संजीवनी आहे. त्याच्या जोडीला दुसरा फ्लाय-हाफ. विंगर (मैदानाच्या कडेचे वेगवान गडी) वजनदार निवडायचे, कारण लीगमध्ये स्वतःच्या गोलरेषेजवळून पहिल्या दोन धडका बहुधा तेच देतात. 90 किलोचा विंगर सेकंदाला 9 मीटर वेगानं आला तर त्याचा संवेग 810 किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद, 5 मीटर वेगाच्या 120 किलोच्या प्रॉपचा 600. फुलबॅक (सर्वांत मागचा गडी) आणि सेंटर युनियनमधून जवळजवळ जसेच्या तसे उचलता येतात.

उलट्या बाजूचा प्रशिक्षक, म्हणजे लीगचा संघ घेऊन युनियन खेळणारा, मला जास्त अडचणीत दिसतो. सहा-आठ आठवड्यांच्या मेहनतीनं रक्तातलं द्रव वाढतं, स्नायूंची ऑक्सिजन वापरण्याची ताकद सुधारते, त्यामुळे युनियनचा खेळाडू निदान धावण्यात जवळ येऊ शकतो. पण स्क्रमची मान सहा आठवड्यांत घडत नाही आणि अर्धवट तयारीची मान त्या रेट्याखाली द्यायची म्हणजे मणक्याशी खेळ. म्हणून तर पुढच्या रांगेसाठी प्रशिक्षित खेळाडू उरले नाहीत, तर स्क्रममध्ये रेटा बंद करण्याची तरतूद युनियनच्या नियमांत आहे.

राहिला बाकावरच्या चौघांचा प्रश्न. युनियनमध्ये बाहेर गेलेला खेळाडू सहसा परत येत नाही. लीगमध्ये ठरावीक आठ अदलाबदलींत तो पुन्हा उतरू शकतो. वगळलेल्या प्रॉपना इथे दार उघडतं. त्यांना पंधरा मिनिटं पूर्ण ताकदीनं धडका देऊ द्यायच्या, पाय जड होण्याआधी बाहेर बोलवायचं आणि दुसऱ्या अर्ध्यात पुन्हा तेवढ्याच वेळासाठी पाठवायचं. लीगचे स्वतःचे प्रॉपही असेच टप्प्याटप्प्यानं खेळतात. तेव्हा बाकावर दोन प्रॉप, स्क्रम-हाफची जागा आलटून-पालटून घ्यायला युनियनचा हुकर, आणि चौथ्या जागेसाठी कितीही नावाजलेला लॉक समोर असला तरी मी आणखी एक फ्लँकरच घेईन.