दाचा म्हणजे कुरोर्त नव्हे

रशियन कथा-कादंबऱ्यांच्या मराठी अनुवादांत उन्हाळा लागला की पात्रं शहर सोडतात. कधी ती ‘बंगल्यावर’ जातात, कधी ‘हवापालटाला’, कधी नुसतीच ‘समुद्रकाठी’. मूळ रशियनमध्ये तिथे बहुतेकदा दोनपैकी एक शब्द असतो, दाचा नाहीतर कुरोर्त. मराठीत येताना दोन्हींचं एकच होऊन जातं आणि वाचणारा गोंधळतो. या बाई हवापालटाला आल्यात, तर मुरांब्याचा एवढा घाट कसला? आणि त्या दुसऱ्या बाई बंगल्यावर आल्यात, तर रोज संध्याकाळी टोपी-हातमोजे चढवून कुणाला दाखवायला निघतात? पहिल्या बाई दाच्यावर आहेत आणि दुसऱ्या कुरोर्तला, एवढं कळलं की कोडं सुटतं.

‘दाचा’ हा शब्द ‘देणं’ या अर्थाच्या क्रियापदातून आला. झार पीटर द ग्रेटने पीटरहोफ राजवाड्याच्या रस्त्यालगत दरबाऱ्यांना जमिनी दिल्या, ते मूळचे दाचे. म्हणजे जवळजवळ इनामच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र कारकून, शिक्षक, डॉक्टर, दुकानदार सगळेच दाच्यावर जायला लागले होते. तेव्हाचा दाचा म्हणजे उन्हाळ्यापुरतं भाड्याने घेतलेलं, पातळ भिंतींचं, काचेच्या व्हरांड्याचं लाकडी घर. ‘कुरोर्त’ जर्मनमधून आला. कुर म्हणजे उपचार, ओर्ट म्हणजे जागा. तिथे दुखणं घेऊन जायचं, निदान दुखण्याचं निमित्त तरी.

हे दोन्ही प्रकार शेजारीशेजारी बघायचे तर सेंट पीटर्सबर्गच्या वायव्येला, फिनलंडच्या आखाताच्या उत्तर काठावर जावं. वाळू, पाइनची झाडं, आणि इतकं उथळ पाणी की कमरेपर्यंत भिजायला बरंच चालावं लागतं. इथे सेस्त्रोरेत्स्क आहे. तिथून किनाऱ्याने आठ-दहा किलोमीटर पुढे गेलं की पूर्वीचं कुओक्काला लागतं.

सेस्त्रोरेत्स्क मूळचं बंदुकांच्या कारखान्याचं गाव. १८९४ मध्ये तिथे खासगी रेल्वे पोचली. रेल्वेला प्रवासी हवे होते, म्हणून प्योत्र अवेनारिउस या इंजिनिअरने किनाऱ्यावर कुरोर्त काढायचं मनावर घेतलं आणि १९०० च्या उन्हाळ्यात ते सुरू झालं. पाण्याकाठी मोठा कुर्झाल, म्हणजे उपहारगृह आणि संगीताचा हॉल असलेली इमारत. उपचारांसाठी स्नानगृह, डॉक्टर, औषधी चिखल, फिरायला बांधीव रस्ता. स्टेशनचं नावच ‘कुरोर्त’ ठेवलं.

अशा ठिकाणी दिवस दुसऱ्या कुणीतरी आखून दिलेला असतो. सकाळी स्नान, मग डॉक्टरने सांगितलं असेल ते, मग चालणं, संध्याकाळी वाद्यवृंद. पैसे मोजून खोली घ्यायची, पैसे मोजून जेवायचं, पैसे मोजून ऐकायचं. शेजारच्या टेबलावरच्या माणसाशी ओळख होते, रंगते आणि सीझन संपला की संपते. कुरोर्तच्या गोष्टींमध्ये प्रेमप्रकरणं एवढी का असतात, याचं कारण मला तरी हेच वाटतं. तिथे आपल्याला ओळखणारं कुणी नसतं आणि बघणारे मात्र पुष्कळ असतात.

दाच्याचं सगळंच वेगळं. मे महिन्यात अर्धं घर गाड्यावर लादलं जायचं. गाद्या, समोवार, पिंजऱ्यातला पक्षी, कधी पियानोसुद्धा. पुष्कळ कुटुंबं शहरातलं घर सोडूनच द्यायची, म्हणजे तीन-चार महिन्यांचं भाडं वाचे, आणि सप्टेंबरात परत येऊन नवं घर शोधायची. बायकामुलं मुक्कामाला आणि नवरा रोज किंवा दर शनिवारी गाडीने, हातात बायकोने, शेजारणीने, शेजारणीच्या बहिणीने सांगितलेल्या सामानाची पुडकी. या बिचाऱ्या नवऱ्यावर चेखवने एक अख्खी एकांकिका लिहिली आहे. संध्याकाळची करमणूक म्हणजे स्टेशनच्या फलाटावर जाऊन गाडीतून कोण उतरतं ते बघणं. बाकी वेळ क्रोके, हौशी नाटकं, होड्या, डास आणि बेरींचा मुरांबा. कढईवर येणारा गुलाबी फेस पोरांच्या वाटणीचा, हा तर अलिखित कायदा.

कुओक्काला अशा दाच्यांचं गाव. फक्त ते रशियात नव्हतं, म्हणजे होतं आणि नव्हतंही. सेस्त्रोरेत्स्क आणि कुओक्काला यांच्या मध्ये सेस्त्रा नदी लागते. फिनिश लोक तिला रायायोकी म्हणत, म्हणजे सीमानदी. तिच्या पलीकडे फिनलंडची ग्रँड डची. राजा तोच, रशियाचा झार, पण कायदे वेगळे, चलन वेगळं आणि पंचांगही वेगळं. नदी ओलांडली की तारीख तेरा दिवसांनी पुढे उडी मारायची. परतताना बेलोओस्त्रोव स्टेशनवर जकातवाले बोचकी उघडून बघायचे. झारच्या पोलिसांना पलीकडे हवा तसा हात घालता येत नसे, त्यामुळे उन्हाळकऱ्यांच्या गर्दीत क्रांतिकारकही मिसळलेले असत. १९०६-०७ मध्ये लेनिन कुओक्कालातल्याच ‘वाझा’ नावाच्या दाच्यात राहत होता. सेंट पीटर्सबर्ग या तेव्हाच्या राजधानीपासून गाडीने तास-दीड तासावर, आणि तरी परदेशात.

त्याच्याही आधी इथे चित्रकार इल्या रेपिन आला होता. १८९९ मध्ये त्याने इथे जागा घेतली, नाताल्या नोर्दमान या आपल्या सहचारिणीच्या नावावर. घराचं नाव ठेवलं ‘पेनाती’, रोमन गृहदेवतांवरून. काही वर्षांतच तो बारा महिने तिथे राहायला लागला. पाहुण्यांचा वार बुधवार, दुपारी तीन वाजल्यापासून. आत शिरल्यावर पाटी दिसे, तिचा मथितार्थ असा: नोकराची वाट बघू नका, तो नाही, आपला कोट आपणच काढा, घंटा वाजवा, आत या. जेवायला मोठं गोल टेबल, ज्याचा मधला भाग फिरता. हवी ती थाळी फिरवून आपल्यासमोर आणायची, शेजाऱ्याला वाढायचं नाही, नोकराला हाक मारायची नाही. नियम मोडला की शिक्षा म्हणून छोट्या व्यासपीठावर चढून उत्स्फूर्त भाषण. नोर्दमानबाई कट्टर शाकाहारी होत्या, त्यामुळे टेबलावर पालेभाज्या, कंदमुळं आणि त्यांचं ते प्रसिद्ध गवताचं सूप. पाहुणे गमतीने त्याबद्दल काय काय बोलत, ते इथे सांगत बसत नाही. पण घरातल्या स्वयंपाकिणीला आणि माळ्याला पाहुण्यांच्या पंगतीत बसवणारी बाई त्या काळात विरळाच होती, आणि सुपाची थट्टा करणाऱ्यांनी ही गोष्ट तितक्या कौतुकाने सांगितलेली दिसत नाही.

इथे एक गंमत ध्यानात येते. वेळ ठरलेली, घंटा, नियमांच्या पाट्या, पथ्याचं जेवण, हिवाळ्यातसुद्धा उघड्या हवेत झोपण्याचा आग्रह. पेनातीमध्ये कुरोर्तची सगळी शिस्त होती! नव्हता तो फक्त गल्ला. कुर्झालमध्ये शिरायला तिकीट लागे आणि इथे यजमानाची ओळख पुरे.

शेजारीच कोर्नेय चुकोव्स्की राहत होता, पुढे मुलांचा लाडका कवी झालेला, तेव्हा मात्र फटकळ टीकाकार म्हणून प्रसिद्ध. तो जवळजवळ दहा वर्षं तिथे होता, हिवाळ्यांसकट. १९१४ मध्ये त्याने एक वही सुरू केली. येणाऱ्या-जाणाऱ्याने तिच्यात काहीतरी चितारायचं, चार ओळी खरडायच्या, थट्टा करायची. चुकोव्स्की आणि कुओक्काला ही दोन नावं सांधून रेपिनने वहीचं बारसं केलं, ‘चुकोक्काला’.

१९१५ मध्ये तरुण कवी मायाकोव्स्की इथे आला. खिशात जुगारात जिंकलेले ६५ रूबल. ते पुरणार किती? मग त्याने सात घरं धरली, आठवड्याच्या प्रत्येक वाराला एक. रविवार चुकोव्स्कीकडे, सोमवार नाटककार येव्रेइनोवकडे, असं करत करत. रेपिनच्या वाराला पाला खावा लागतो, आणि एवढ्या धिप्पाड ‘फ्यूचरिस्ट’ पंथाच्या कवीला तो पुरत नाही, अशी तक्रार त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. इंग्रजी अनुवादात हा प्रसंग समजावायला चार ओळी खर्चाव्या लागतात. मराठीत त्याला आयता शब्द आहे: मायाकोव्स्की कुओक्कालात वार लावून जेवत होता. आपल्याकडे पुण्याला शिकायला आलेली गरीब मुलं जेवत तसाच.

दाचा आणि कुरोर्त यांच्यातला फरक मला विचाराल तर मी हाच प्रसंग सांगेन. सेस्त्रोरेत्स्कच्या कुर्झालमध्ये वार लावता येत नाहीत. तिथे प्रत्येक ताटाचं बिल होतं. दाच्यावर माणूस कुणाचा तरी पाहुणा असतो किंवा कुणाचा तरी यजमान, आणि पाहुणा उद्या पुन्हा येतो, हिवाळ्यातही येतो, वहीत लिहून जातो. कुरोर्तने मोठे वादक आणले, चांगलं संगीत लोकांना ऐकवलं, पण कलाकारांचा अड्डा जमला तो दाच्यांच्या गावात.

अर्थात सरमिसळ होतीच. सेस्त्रोरेत्स्कमध्ये कुरोर्तच्या आसपास दाचे होते. उलट कुओक्कालाच्या पुढचं तेरियोकी दाच्यांचं असूनही पुष्कळसं कुरोर्तच्या वळणाचं, तिथे कॅसिनो आणि नाट्यगृह. १९१२ च्या उन्हाळ्यात नाट्यदिग्दर्शक मेयेरहोल्ड आणि मित्रमंडळींनी तिथे नाटकं केली. कवी ब्लोकची बायको त्यांत काम करत होती. मंडळीतला चित्रकार निकोलाय सापुनोव त्याच जूनमध्ये रात्री होडी उलटून समुद्रात बुडाला. आणि सगळ्यात मोठा गोंधळ क्रिमियातल्या याल्टाचा. याल्टा अस्सल कुरोर्त, क्षयाचे रोगी हवेसाठी तिथे जात. चेखव त्यांतलाच एक. पण तो हॉटेलात राहिला नाही, त्याने स्वतःचं घर बांधलं, बाग लावली, आणि लोक त्या घराला ‘पांढरा दाचा’ म्हणू लागले. म्हणजे कुरोर्तमधला दाचा! मृत्यू मात्र त्याला १९०४ मध्ये जर्मनीतल्या बाडेनवायलरला गाठून गेला, जे पुन्हा कुरोर्तच.

१९१७ च्या क्रांतीनंतर दोन्हींच्या वाटा फुटल्या. फिनलंड स्वतंत्र झालं, १९१८ मध्ये सीमा बंद झाली आणि सेस्त्रा नदीला खरोखरच परदेशाचा काठ आला. कुओक्कालातले रिकामे दाचे मोडून विकले गेले. रेपिन जागचा हलला नाही. देश त्याच्या पायाखालून सरकला आणि तो फिनलंडमध्ये राहिला, १९३० मध्ये तिथेच वारला, बागेत पुरला गेला. १९४४ मध्ये हा भाग कायमचा सोव्हिएत संघाकडे गेला, त्याच वर्षी पेनाती जळालं. १९४८ मध्ये कुओक्कालाचं रेपिनो झालं, तेरियोकीचं झेलेनोगोर्स्क, आणि १९६२ मध्ये पेनाती पुन्हा उभारून संग्रहालय म्हणून उघडलं.

कुरोर्तचं नशीब सरळ निघालं. १९१९ च्या हुकमाने ती सगळी सरकारी झाली, आणि पैशाच्या जागी पुत्योव्का आली, म्हणजे कामगार संघटनेकडून मिळणारी मुक्कामाची चिठ्ठी. दाचा मात्र दोन टोकांना गेला. एकीकडे लेखकांना सरकारने दिलेले दाचे, जसा याच किनाऱ्यावरच्या कोमारोवोमध्ये कवयित्री अन्ना अख्मातोवाला १९५५ मध्ये मिळालेला, ज्याला ती ‘टपरी’ म्हणायची. दुसरीकडे साध्या कामगाराचा सहाशे चौरस मीटरचा तुकडा, त्यावर बटाटे, काकड्या आणि एक खोपट. शब्द मात्र दोघांनाही एकच.

आजही फिनलंड स्थानकावरून लोकल पकडली की सेस्त्रोरेत्स्कच्या पुढे ‘कुरोर्त’ स्टेशन लागतं. उतरून चालत गेलं की आरोग्यधाम चालू आहे, चिखलाचे लेप अजून देतात. शहराच्या नैर्ऋत्येला दुसऱ्या मार्गावर ‘दाच्नोये’ नावाचं स्टेशन आहे, म्हणजे दाच्यांची वस्ती. तिथे उतरलं की पाच मजली सोव्हिएत चाळींच्या रांगा दिसतात. दाचा एकही नाही.