वेल्डिंगविना नळीजोड

मोटारीसाठी घरी बनवलेल्या धातूच्या भागांवर, म्हणजे शीतकाची टाकी, इंजिनातून येणारी तेलाची वाफ अडवणारा डबा, तेलाचे चेंबर, टर्बोचा हवेचा पाइप अशा भागांवर, रबरी नळी बसवण्यासाठी लागणारे तोंड वेल्डिंग न करता पक्के करण्याच्या पद्धती. हे भाग बहुधा ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे असतात. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, पण त्यावरचा ऑक्साइडचा थर २,००० अंशांच्याही वर टिकून राहतो. त्यामुळे असा पत्रा जोडायला वेगळे वेल्डिंग यंत्र आणि सरावलेला हात लागतो, आणि जरा चूक झाली की पत्र्याला भोक पडते.

प्रत्येक जोडाची दोन कामे असतात : तोंड जागेवर धरून ठेवणे आणि गळती रोखणे. वेल्डिंगच्या सांध्यात ही दोन्ही एकदमच साधतात. वेल्डिंग टाळले की त्यांचा वेगवेगळा विचार करावा लागतो, आणि फसलेल्या बहुतेक जोडांचे मूळ हा विचार न करण्यातच सापडते.

आरपार फिटिंग ही सर्वांत भरवशाची पद्धत. पाण्याच्या टाकीला बसणारा टँक निपल याच जातीचा. पत्र्याला भोक पाडायचे, फिटिंगचा आट्यांचा भाग त्यातून आत घालायचा आणि आतून नट आवळायचा. येथे आटे फक्त धरून ठेवतात. गळती रोखतो तो कॉलर आणि पत्रा यांमध्ये दाबला गेलेला वॉशर. धातूच्या कड्याला आतून रबर चिकटवलेला वॉशर यासाठी उत्तम, कारण धातू दाब पेलतो आणि रबर हवा तेवढाच चेपतो. रबर मात्र त्या द्रवाला टिकणारे हवे. शीतकासाठी चालणारे ईपीडीएम रबर पेट्रोल आणि तेलात फुगते. तिथे नायट्राइल किंवा फ्लोरोकार्बन रबर घ्यावे.

वॉशर नीट बसायला जागा सपाट लागते. गोल पाइपावर तो कडेने उचललेला राहतो, म्हणून तिथे पाइपाच्या गोलाईचा तुकडा तयार करून आधाराला द्यावा लागतो. साध्या ड्रिलने पातळ पत्र्यात भोक तिकोनी होते. पायऱ्यांचे ड्रिल ते गोल पाडते. खरी अडचण आतल्या नटाची असते. डबा बंद करण्याआधीच तोंडांच्या जागा ठरवून नट आवळले की ती उरत नाही. डबा आधीच बंद झाला असेल, तर भोकातून तार आत सोडायची, मोठ्या तोंडातून तिचे टोक बाहेर काढायचे, त्यात फिटिंग ओवून आतून बाहेर खेचायचे आणि नट बाहेरून आवळायचा.

भिंत जाड असेल तर थेट तिच्यातच आटे पाडता येतात. पाइपाचे आटे निमुळते असतात, १६ एककांमागे व्यासात १ एकक, आणि फिरवता फिरवता एकमेकांत रुतून बसतात. पण १/८ इंची अमेरिकी पाइप-आट्यात इंचाला २७ आटे असतात, म्हणजे एक आटा जेमतेम ०.९४ मिमीचा. २ मिमी पत्र्यात दोनच आटे मिळतात आणि ते होजच्या हिसक्याने ओरबाडले जातात. म्हणून पातळ पत्र्यावर आधी जाड पट्टी रिव्हेट किंवा बोल्टने, मध्ये गॅस्केट ठेवून बसवतात आणि आटे त्या पट्टीत पाडतात. फसवी गोष्ट अशी, की १/२ इंचाच्या ब्रिटिश आणि अमेरिकी दोन्ही पाइप-आट्यांत इंचाला १४ आटे असतात. एक दुसऱ्यात काही फेरे सहज जातो, पण आट्यांचा कोन एकाचा ५५ आणि दुसऱ्याचा ६० अंश असल्याने जोड गळत राहतो.

विमानविद्येतून आलेल्या एएन (आर्मी-नेव्ही) फिटिंगचे माप इंचाच्या सोळाव्या भागात सांगतात. ६ क्रमांक म्हणजे ६/१६ इंच, आपल्या कारागिरांच्या बोलीत तीन सूत. क्रमांक निम्मा केला की सूत मिळते. या फिटिंगचा ३७ अंशांचा उतार धातूवर धातू दाबून गळती रोखतो. तिथे आट्यांवर टेफ्लॉनची टेप गुंडाळू नये. टेप निमुळत्या आट्यांसाठीच असते. इंधनाच्या मार्गात तर टेपचे तुकडे इंजेक्टरपर्यंत पोहोचतात, म्हणून इंधनाला चालणारे द्रव सीलंट बरे.

पितळ, तांबे आणि पोलाद यांना डाख किंवा ब्रेझिंग चालते. भरणधातू ४५० अंशांच्या वर वितळला तर ब्रेझिंग, खाली वितळला तर डाख. जुन्या पितळी रेडिएटरच्या टाक्या डाखानेच जोडलेल्या असत. इपॉक्सीने भेगा बुजतात, पण नुसत्या तिच्या भरवशावर तोंड टांगू नये. ताप आणि थरथर यांनी ती धातूपासून सुटते.

ब्रेकच्या मार्गावर यातला कोणताही घरगुती उपाय वापरू नये. एकदा इंधन भरलेल्या टाकीला, ती रिकामी केली तरी, ज्योत किंवा ड्रिल लावणेही जिवावर बेतते, कारण रिकाम्या टाकीत उरलेली इंधनाची वाफ स्फोटक असते.

शीतकाच्या टाकीची चाचणी पाणी भरून, झाकणाच्या दाबाइतक्या, म्हणजे साधारण १ बार दाबाने करतात. नुसती हवा भरू नये, कारण फुटल्यास हवा तुकडे दूर फेकते. पहिल्या तापण्यानंतर फायबर वॉशर थोडा चेपतो, म्हणून थंड झाल्यावर नट पुन्हा आवळावा, आणि होजला जोडाजवळच आधाराची पट्टी द्यावी म्हणजे तिचे वजन पत्र्यावर येत नाही.