लाइव्ह रीमिक्स (पुन्क्त महोत्सव)

लाइव्ह रीमिक्स : एक मैफल संपल्या संपल्या, तिच्यातूनच टिपून घेतलेल्या आवाजांमधून श्रोत्यांसमोर दुसरी मैफल उभी करण्याचा वादनप्रकार. नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्यावरील क्रिस्तियानसान या शहरात २००५ साली सुरू झालेल्या पुन्क्त महोत्सवाने तो रूढ केला. यान बांग आणि एरिक होनोरे हे या महोत्सवाचे संस्थापक, दोघेही क्रिस्तियानसानचेच. जॅझमधली उत्स्फूर्तता आणि इलेक्ट्रॉनिक संगीतातली ध्वनीची कापाकापी एकत्र आणणारे प्रयोग जगभर झाले आहेत. पण त्या दोहोंना एकमेकांचं ऐकायला लावणारी इतकी नेमकी रचना दुसऱ्या कुठल्या महोत्सवाने केलेली दिसत नाही.

सुरुवातीच्या वर्षांत हा महोत्सव आग्देर थिएटरमध्ये भरत असे. मुख्य रंगमंचावर एखादा चमू वाजवत असतो. त्याच्या प्रत्येक माइकची आणि वाद्याची लाइन मिक्सरवरून फोडून रीमिक्स करणाऱ्यांकडे दिलेली असते. म्हणजे त्यांना ट्रम्पेट वेगळा मिळतो, गाणारीचा गळा वेगळा मिळतो, ड्रम वेगळे मिळतात. कानाला हेडफोन लावून ते कार्यक्रम ऐकतात आणि ऐकता ऐकता हवे ते तुकडे साठवत जातात. टाळ्या थांबल्या की श्रोते उठून ‘अल्फा रूम’ नावाच्या लहान दालनात जात आणि तिथे रीमिक्स सुरू होई. मधे तालीम नसते, आधी ठरलेला आराखडा नसतो. बहुतेक वेळा सॅम्पलरवाल्यांच्या (सॅम्पलर म्हणजे आवाज टिपून हवा तसा परत वाजवणारं यंत्र) जोडीला एखादा ट्रम्पेट, गिटार किंवा गळाही असतो. त्यामुळे टिपलेल्या आवाजावर पुन्हा ताजं वादन चढतं. श्रोत्याच्या कानात मूळ मैफल अजून ताजी असते, म्हणून एखादा सूर ओळखीचा वाटतो, पण तो आता दुसऱ्याच जागी, दुसऱ्याच अर्थाने आलेला असतो. या प्रकाराची सगळी मजा त्या ओळखीत आहे.

सॅम्पलर हे यंत्र इथे वाद्य म्हणूनच हाताळलं जातं. बांग अकाई कंपनीचे सॅम्पलर वापरत आला आहे. संगणकाच्या पडद्यात डोळे न घालता तो पॅडवर बोटांनी वाजवतो, अंग हलवत, सहवादकांकडे पाहत. समजा, ट्रम्पेटवादकाने स्वर लावण्याआधी घेतलेला श्वास त्याने पकडला. तो अर्ध्या वेगाने सोडला की लांबी दुप्पट होते आणि स्वर बरोबर एक सप्तक खाली उतरतो. निमिषभराचा फुत्कार आता जाड, संथ झोतासारखा ऐकू येतो. तोच उलटा फिरवला की हळूहळू फुगत जाऊन एकदम तुटतो. त्याचं आवर्तन करायचं असेल तर तुकडा नेमका कुठे कापायचा हे कानावर ठरतं. कापणीची जागा जराशी चुकली तरी दर फेरीला ‘टक्’ असा खटका येतो. काही वादक तो खटकाच ठेक्यासारखा वापरतात. फिल्टरने वरचे स्वरांश छाटले की आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा मागे सरकतो. तंत्र म्हणून हे सगळं महिन्याभरात शिकता येईल. खरी कसोटी निवडीची असते. तासाभराच्या मैफलीतून दोन-तीन क्षण वेचायचे आणि बाकीचं सोडून द्यायचं, तेही मैफल चालू असतानाच.

आपल्याकडे ख्यालगायनात संवादिनीची साथ करणारा गायकाची जागा ऐकून लगेच, पण किंचित मागून ती उचलतो. बांगची मुळातली कलाही याच जातीची. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तो पियानोवादक बुग्गे वेसेलटॉफ्टबरोबर रंगमंचावर बसू लागला. पॉप आणि नृत्यसंगीताच्या स्टुडिओतून आलेला हा माणूस शेजारच्या वादकाचा आवाज तिथल्या तिथे टिपून त्यालाच परत ऐकवी, आणि तो वादक त्याला उत्तर देई. होनोरे निर्माता आणि लेखक. या दोघांनी ती देवाणघेवाण एका कार्यक्रमापुरती न ठेवता महोत्सवाचा पायाच केली.

त्यासाठी नॉर्वेत जमीन तयार होती. वेसेलटॉफ्टने १९९६ मध्ये ‘न्यू कन्सेप्शन ऑफ जॅझ’ या नावाने क्लबमधला ठेका आणि जॅझ पियानो एकत्र आणला. त्याच वर्षी वॉसा जॅझ महोत्सवाने ट्रम्पेटवादक निल्स पेटर मोल्वेरकडून एक नवी रचना करवून घेतली. तिच्यातून पुढे ‘ख्मेर’ ही ध्वनिमुद्रिका निघाली, १९९७ मध्ये, ईसीएम या कंपनीकडून. शांत, निर्मळ ध्वनिमुद्रणासाठी नावाजलेल्या या कंपनीच्या यादीत ‘ख्मेर’मधला ठाशीव ठेक्याचा ड्रम आणि वाकवलेली गिटार ही मोठीच नवलाई होती. मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे ही रचना एका महोत्सवाने मागितली म्हणून झाली. नॉर्वेतले महोत्सव तयार कार्यक्रम विकत घेऊन थांबत नाहीत, ते दरवर्षी कलावंतांना नवं काम सांगतात. लाइव्ह रीमिक्ससारखी जोखमीची कल्पना तिथे रुजली, त्यामागे ही सवय आहे.

मुळं आणखी मागे जातात. अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने ऑगस्ट १९६९ मध्ये ‘बिचेस ब्रू’ ध्वनिमुद्रित केलं, तेव्हा निर्माता टिओ मासेरोने टेप अक्षरशः पात्याने कापून, तुकडे मागेपुढे जोडून त्याची रचना घडवली. वादन एका ठिकाणी, घडण दुसऱ्या ठिकाणी, आणि मधे काही आठवडे. पुढच्या वर्षी २९ ऑगस्टला, इंग्लंडमधल्या आइल ऑफ वाइट महोत्सवात डेव्हिस लाखोंच्या गर्दीसमोर उभा राहिला. चिक कोरिया इलेक्ट्रिक पियानोवर होता, कीथ जॅरेट इलेक्ट्रिक ऑर्गनवर, आणि सगळं वादन सलग, मधे न थांबता. विद्युतवाद्यं घेतलेलं जॅझ रॉक महोत्सवाच्या मैदानावर उभं राहू शकतं हे तिथे दिसलं. पण मासेरोचं टेबल स्टुडिओतच राहिलं. जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉकच्या चमूत पॅट्रिक ग्लीसन सिंथेसायझर घेऊन आला, तेव्हा त्यातला काही भाग रंगमंचावर आला. जमैकात किंग टबीसारख्या ध्वनितंत्रज्ञांनी सत्तरच्या दशकात मिक्सरच वाद्य करून टाकलं होतं. ऐकलेल्या गाण्यातून गाणं गाळून घ्यायची ‘डब’ या त्यांच्या संगीतप्रकाराची रीत लाइव्ह रीमिक्सच्या अधिक जवळची आहे, आणि जॅझच्या इतिहासात तिचं श्रेय नेहमी कमीच मोजलं जातं.

या सगळ्यांत मराठी श्रोत्याला सर्वांत जवळचा धागा अमेरिकन ट्रम्पेटवादक जॉन हॅसेल (१९३७–२०२१) याचा आहे. कोलोनमध्ये जर्मन संगीतकार श्टॉकहाउझेनकडे शिकून आलेला हॅसेल पुढे किराना घराण्याचे गायक पंडित प्राणनाथ यांचा शिष्य झाला. प्राणनाथ हे उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांचे शागीर्द. हिराबाई बडोदेकरांनाही याच खाँसाहेबांची तालीम मिळाली होती. म्हणजे सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवात पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेला किराण्याचा सूर आणि हॅसेलचा ट्रम्पेट यांचं मूळ एकाच घरातलं. हॅसेलने एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाणारी मींड ट्रम्पेटवर आणण्याचा ध्यास घेतला. त्यासाठी फुंक सैल केली, स्वरात हवा मिसळू दिली आणि हार्मोनायझर लावून एका सुराला समांतर चालणाऱ्या सुरांची सोबत दिली. इंग्लिश संगीतकार ब्रायन ईनोबरोबर १९८० मध्ये केलेल्या ध्वनिमुद्रिकेत ही भाषा पूर्ण दिसते. मोल्वेर आणि त्याच्याहून तरुण आर्वे हेन्रिक्सेन यांचे ट्रम्पेट जे कुजबुजतात, त्यात हॅसेलचा प्रभाव ऐकू येतो. हॅसेलच्या २००९ च्या ईसीएम ध्वनिमुद्रिकेत बांग सॅम्पलरवर आणि एइविंद आर्सेत गिटारवर आहेत, तेव्हा वर्तुळातली माणसं प्रत्यक्ष भेटलीही. आणखी एक दुवा त्रिलोक गुर्टूंचा. शोभा गुर्टूंचा मुंबईत जन्मलेला हा मुलगा तालवादक म्हणून युरोपात स्थिरावला, आणि ट्रम्पेटवादकांना वाहिलेल्या त्यांच्या ‘स्पेलबाउंड’ (२०१३) मध्ये मोल्वेरही वाजवतो.

पुन्क्तच्या वाटचालीतलं २०११ हे वर्ष विशेष. त्या वर्षी इंग्लिश गायक डेव्हिड सिल्व्हियन निमंत्रित कलावंत होता. नॉर्वेजियन कवींच्या ओळी, सिल्व्हियनचा आवाज, नॉर्वेजियन गायिका सिड्सेल एन्ड्रेसेनचं गाणं आणि बांग-होनोरेंची ध्वनिरचना यांतून ‘अनकॉमन डीटीज’ तयार झालं आणि पुढच्या वर्षी ध्वनिमुद्रिका म्हणून आलं. एन्ड्रेसेनचा उल्लेख इथे थांबून करायला हवा. ती शब्दांचे तुकडे करून गाते. अक्षर अडखळतं, उलटतं, मधेच तुटतं, आणि हे सगळं यंत्राविना, नुसत्या गळ्यातून. सॅम्पलर जे करतो ते माणसाचा गळा आधीच करून बसलेला असतो. मग सॅम्पलरने काय करायचं, हा प्रश्न तिच्यासोबत बसणाऱ्या प्रत्येकापुढे उभा राहतो. त्यातून निघालेली उत्तरं या परंपरेतली सर्वांत चांगली आहेत असं माझं मत आहे.

प्रत्येक रीमिक्स जमतोच असं नाही. ठरावीक दोष पुन्हा पुन्हा दिसतात. मूळ मैफलीतला सर्वांत गाजलेला भाग उचलून त्याखाली ठेका घालणं हा सोपा मार्ग, आणि त्यातून मूळचंच फिकं रूप हाती येतं. दुसरा दोष धुक्याचा. प्रत्येक आवाज ताणून, घुमवून एकाच मंद लाटेत बुडवला की कुठलीही मैफल कुठल्याही मैफलीसारखी वाटू लागते. नॉर्डिक जॅझवर ‘नुसतं वातावरण’ अशी टीका होते, ती इथे लागू पडते. चांगला रीमिक्स मूळ मैफलीत नजरेआड राहिलेलं काहीतरी पुढे आणतो. ड्रमवादकाची काठी झांजेच्या कडेला चुकून लागते, बास वादक तार जुळवून पाहतो, अशा आवाजांवर दहा मिनिटं उभी राहतात तेव्हा मूळ वादकही समोर बसून ते नव्याने ऐकतो.

पुढे महोत्सवाने क्रिस्तियानसानच्या बंदरावर २०१२ मध्ये उघडलेल्या किल्डेन या कलासंकुलाचाही वापर केला. नॉर्वेबाहेर टॅलिन, मॅनहाइम अशा शहरांतही पुन्क्तचे कार्यक्रम झाले आहेत, तिथल्या कलावंतांच्या मैफलींचे रीमिक्स करत. बांग आग्देर विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक संगीत शिकवतो, त्यामुळे विद्यार्थ्यांची नवी फळी याच पद्धतीत घडते आहे. ध्वनिमुद्रणातून या प्रकाराची अर्धीच ओळख होते, कारण रीमिक्स ऐकताना मूळ मैफल नुकतीच ऐकलेली असावी लागते. तरीही सुरुवात करायची असेल तर ‘ख्मेर’, मग बांग-होनोरेंनी निर्मिती केलेली हेन्रिक्सेनची ‘कार्टोग्राफी’ (२००८) आणि त्यानंतर हॅसेलची २००९ ची ध्वनिमुद्रिका या क्रमाने ऐकावं. ‘कार्टोग्राफी’ हेडफोनवर ऐकल्यास टिपलेला आवाज कुठे संपतो आणि वाजवलेला कुठे सुरू होतो, हे ठरवणं किती अवघड आहे ते पहिल्या काही मिनिटांतच कळतं.